खलिता, बटवा आणि कापडी पिशवी

हाताने शिवलेल्या पिशवीचे ऋण मराठी भाषेने आपल्या शब्दांत जपून ठेविले आहे. ‘खलिता’ हा मुळात अरबी ‘खरीता’ आणि त्याचा अर्थ पिशवी. मराठेशाहीत मानाची पत्रे भरजरी थैलीत घालून, तोंड बांधून, वर मोहोर करून रवाना होत. थैली गेली, पत्रालाच खलिता म्हणण्याचा प्रघात राहिला. २३ जुलै १९१६ रोजी पुण्यात लोकमान्य टिळकांस लक्ष रुपयांची थैली अर्पण झाली, तेथेही थैली म्हणजे रक्कमच.

घरगुती पिशव्यांना मात्र बखरकार लाभला नाही. चंची म्हणजे कप्प्यांची लांबट पट्टी. पान, सुपारी, कात निरनिराळ्या कप्प्यांत ठेवून ती गुंडाळावयाची व बंदाने बांधावयाची. बटव्यास चोळीच्या खणाचा उरलेला तुकडा पुरे. खरे कसब त्याच्या तोंडाशी. तेथे दुमड घालून दोन दोऱ्या परस्परविरुद्ध दिशांनी ओवल्या, म्हणजे दोन्ही ओढताच तोंड घट्ट मिटते. असल्याच बटव्यात सुंठ-वेखंड ठेवणाऱ्या आजीबाईचे नाव घरगुती औषधांस कायमचे चिकटले.

पुढे प्लॅस्टिक आले आणि जालना जिल्ह्यातील वाटूरसारख्या कापसाच्या मुलखातही फुकटच्या पिशवीपुढे शिवलेली पिशवी मागे पडली. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा तिची पुन्हा आठवण झाली. आता संक्रांतीच्या हळदीकुंकवास खणाचे बटवे वाण म्हणून वाटतात. ते बहुधा विकतचे असतात. घरी शिवू पाहणाऱ्या मुलीला कापड मिळते, सुईदोरा मिळतो. दुसरी दोरी उलट बाजूने ओवावयाची, हे सांगणारे माणूस मात्र घरात असावे लागते.