बर्फाचे स्मारक

2 ऑगस्ट 2014. बर्मिंगहॅमच्या चेंबरलेन स्क्वेअरमधील पायऱ्यांवर लोक बर्फाची माणसे मांडत होते. एकेक माणूस वीतभर उंचीचा, पाय खाली सोडून बसलेला. एकूण 5,000. पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षे झाली, त्या निमित्ताने ब्राझीलच्या कलावंत नेले अझेवेदो यांनी हे काम केले. हळूहळू माना झुकल्या, हातपाय गळाले, पायऱ्या ओल्या झाल्या.

अझेवेदो यांनी ही बर्फाची माणसे या शतकाच्या आरंभी साओ पाउलोत घडवायला सुरुवात केली. त्यांचे भांडण पुतळ्यांशी होते. पुतळा उंच चौथऱ्यावर, नावानिशी, कायमचा. त्यांनी सगळेच उलटे केले: आकार लहान, चौथरा नाही, नाव नाही, टिकणेही नाही. 2009 मध्ये बर्लिनच्या जेंडार्मेनमार्क्ट चौकात 1,000 माणसे बसवली तेव्हा एक निसर्गसंवर्धन संस्था सोबत होती. तेव्हापासून बातम्यांत हे हवामानबदलाचे चित्र ठरले. तो अर्थ चुकीचा नाही. पण चौकात स्मारक कोणाचे उभे राहते, हा मूळ प्रश्न मागे पडला.

बर्मिंगहॅममध्ये तो पुन्हा समोर आला. त्याच चौकात जोसेफ चेंबरलेन यांचे दगडी स्मारक आहे. 1880 साली, ते हयात असतानाच उभारलेले! पुढे हेच गृहस्थ साम्राज्याचे वसाहतमंत्री झाले. त्यांच्या स्मारकाच्या चौकात बिननावाची माणसे वितळली.

त्या दिवसाची छायाचित्रे पाहताना मला बसरा आठवतो. पहिल्या महायुद्धात 74,000 च्या आसपास हिंदी सैनिक मेले. 1916 पर्यंत चाललेल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्यांत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानही होते. इराकमध्ये मेलेल्यांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला भव्य स्मारक बांधले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आला. 2021 साली राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने अशा भेदभावाबद्दल माफी मागितली.

आपल्याकडेही कित्येक गावांत त्या काळची पाटी आहे: या गावातून इतके लढाईला गेले, इतके परतले नाहीत. दगड शाबूत आहे, आकडाही वाचता येतो. ती माणसे कोण होती, हे सांगू शकणारे त्या गावांत आता फारसे कोणी उरलेले नाही.