खलपात्राची सोय : ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधील दुष्टत्व आणि त्याचा इतिहास

१

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९६२ च्या चित्रपटाने ॲटिकस फिंच या वकिलाची प्रतिमा जगभर पोहोचवली. साहजिकच कादंबरीविषयीची चर्चा बहुधा या नायकाभोवती फिरत राहिली. तिच्यातील खलपात्रांचा विचार त्या मानाने कमी झाला. बॉब यूएल हा दुष्ट आहे, एवढे म्हटले की त्याच्याविषयी अधिक काही बोलण्याची गरज उरत नाही, असा समज त्यामागे असावा. परंतु वर्णद्वेषासारखा अवघ्या समाजरचनेत मुरलेला दोष जेव्हा कादंबरीचा विषय होतो, तेव्हा तिच्यातील खलपात्राला वेगळेच महत्त्व येते. रचनेतील अन्यायाला कथेत चेहरा द्यावा लागतो. आणि तो चेहरा कोणाचा, हे ठरताना कोणाला मोकळे सोडायचे हेही नकळत ठरत असते.

कादंबरीचा काळ १९३३ ते १९३५ या मंदीच्या वर्षांचा आणि स्थळ अलाबामा राज्यातील मेकॉम्ब हे काल्पनिक गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर मेयेला यूएल या गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो. सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून टॉमचा डावा हात लहानपणीच निकामी झालेला आहे. मेयेलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू मारहाणीने काळीनिळी झालेली असते, आणि तिचा बाप बॉब हा डावखुरा निघतो. तरीही ज्यूरी टॉमला दोषी ठरवते. पुढे तुरुंगातून पळू पाहताना टॉम सतरा गोळ्यांनी मारला जातो. न्यायालयात उघडा पडलेला बॉब सूडाने ॲटिकसच्या मुलांवर हल्ला करतो आणि त्यात स्वतः ठार होतो. अशा रीतीने कथानकापुरता दुष्टाचा निकाल लागतो. खटल्याच्या निकालाचे काय, हा प्रश्न मात्र त्या शेवटाने सुटत नाही.

२

अमेरिकन कादंबरीत वर्णविषयक खलपात्राची एक परंपरा आहे आणि बॉब यूएल त्या परंपरेत उशिरा आलेला आहे. हॅरिएट बीचर स्टोव यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५१-५२ मध्ये ‘नॅशनल इरा’ या साप्ताहिकातून क्रमशः आणि १८५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील सायमन लग्री हे नाव पुढे क्रूर मालकाचे सामान्यनामच बनले. परंतु टॉम लग्रीच्या हाती पडतो कसा, हे पाहिले की स्टोव यांच्या मांडणीतील कठोरपणा ध्यानात येतो. केंटकीतील शेल्बी हा सहृदय मालक. तो कर्जापायी टॉमला विकतो. न्यू ऑर्लिन्सचा सेंट क्लेअर त्याहून उमद्या मनाचा. पण टॉमच्या मुक्ततेचे कागद पुरे करण्याआधीच तो मरण पावतो आणि त्याची पत्नी मरी टॉमला लिलावात उभा करते. म्हणजे लग्रीपर्यंतचा रस्ता सज्जनांच्या घरांतूनच जातो. लग्री मुळात उत्तरेकडचा, न्यू इंग्लंडमधला आहे, ही योजनाही सूचक आहे. दोष दक्षिणेच्या मातीत आहे, असे मानून उत्तरेकडील वाचकाला निश्चिंत होता येऊ नये, याची ती तजवीज आहे. शिवाय टॉमच्या मृत्यूबद्दल लग्रीला शासन होत नाही. गोऱ्याविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष चालत नाही, म्हणून कायदा त्याच्या बाजूनेच राहतो.

अर्धशतकानंतर या खलपात्राची पुरती उलथापालथ झाली. टॉमस डिक्सन यांनी ‘द लेपर्ड्स स्पॉट्स’ (१९०२) मध्ये स्टोव यांचा लग्रीच उचलला आणि यादवी युद्धानंतरच्या काळात दक्षिणेला नाडणारा राजकारणी म्हणून त्याला नव्याने उभे केले. ‘द क्लॅन्समन’ (१९०५) मध्ये तर दुष्टत्व सरळ कृष्णवर्णीयाच्या देहात वसवले गेले : गोऱ्या मुलीवर अत्याचार करणारा गस आणि त्याला ‘शासन’ करणारी कू क्लक्स क्लॅन. याच कादंबरीवर आधारलेला ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट १९१५ मध्ये आला आणि त्याच वर्षी जॉर्जियातील स्टोन माउंटनवर नव्या क्लॅनची स्थापना झाली. वाङ्मयातील खलपात्र इतिहासात इतक्या उघडपणे हस्तक्षेप करते, अशी उदाहरणे फार नाहीत.

हार्पर ली यांच्या कादंबरीचे मोल या पार्श्वभूमीवर ओळखले पाहिजे. डिक्सन यांनी रूढ केलेला आरोप त्या जसाच्या तसा घेतात आणि न्यायालयातील उलटतपासणीतून त्याची दिशा फिरवतात. गोऱ्या मुलीला मारणारा हात तिच्याच घरातला निघतो. गसच्या कथेला दिलेले हे नेमके प्रत्युत्तर आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. गसच्या जागी बॉब यूएल आणून बसवल्यावर स्टोव यांनी दाखवलेला सज्जनांच्या घरांतून जाणारा रस्ता दिसत राहतो का?

३

यूएल कुटुंब गावाच्या उकिरड्यामागे, पूर्वी कृष्णवर्णीयांची वस्ती असलेल्या खोपटात राहते. बॉबला सरकारी मदतीचा धनादेश मिळतो आणि तो दारूत जातो. त्याची मुले शाळेत केवळ पहिल्या दिवशी हजेरी लावतात. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा त्यांच्याबाबत गुंडाळून ठेवलेला आहे. बंदीच्या हंगामातही बॉब शिकार करतो आणि मुलांची उपासमार होऊ नये म्हणून जमीनमालक तिकडे काणाडोळा करतात. या सवलती दयाबुद्धीच्या वाटतात. परंतु त्यांतूनच यूएल आणि गाव यांच्यातील नाते स्पष्ट होते. गाव यूएलला उकिरड्यासारखे सांभाळते : हद्दीबाहेर, पण हाताशी. त्याला कायद्याच्या कक्षेत आणण्याची तसदी कोणी घेत नाही आणि त्याला आपल्यापैकी एक म्हणूनही कोणी मानत नाही.

न्यायालयात त्याचे संपूर्ण नाव पुकारले जाते : रॉबर्ट ई. ली यूएल. दक्षिणेच्या सर्वांत पूजनीय सेनापतीचे नाव उकिरड्याकाठच्या माणसाला देण्यातील उपरोध उघड आहे. पण त्या उपरोधाला आणखी एक पदर आहे. या माणसाजवळ जमीन नाही, पत नाही, कसब नाही. आहे ती केवळ कातडीची परंपरा. शेजारच्या कष्टाळू कृष्णवर्णीय कुटुंबांहून तो वरचढ ठरतो तो एवढ्याच बळावर. म्हणून टॉमने भर न्यायालयात मेयेलाची कीव आल्याचे सांगणे हा सर्वांत मोठा गुन्हा ठरतो. कीव वरच्याने खालच्याची करायची असते. टॉमच्या उत्तराने ती उतरंडच उलटी होते.

मेयेलाचे पात्र या व्यवस्थेत दोन्ही बाजूंनी अडकलेले आहे. उकिरड्याच्या अंगणात पोपडे उडालेल्या इनॅमलच्या सहा भांड्यांतून तिने लाल जिरेनियम वाढवले आहेत. घरात कोणी नसावे म्हणून वर्षभर नाणी साठवून ती सात भावंडांना आइस्क्रीम खायला पाठवते. बापाच्या अत्याचाराची ती बळी आहे आणि टॉमच्या मृत्यूचे निमित्तही. तिला खलपात्र म्हणता येत नाही आणि निर्दोषही ठरवता येत नाही. कादंबरीतील सर्वांत गुंतागुंतीची ही व्यक्तिरेखा साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरते आणि पुढे जवळजवळ दिसेनाशी होते. कथानकाला बापाचा दुष्टपणा हवा असतो. मुलीचा पेच त्याला पेलत नाही.

४

कादंबरी ज्या काळाविषयी बोलते, त्या काळातील अलाबामाचा इतिहास काय सांगतो, हे येथे पाहणे अगत्याचे आहे. १९०१ साली या राज्याने नवी राज्यघटना केली. गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याच्या चौकटीत कायम करणे हा त्या घटना-परिषदेचा जाहीर हेतू होता. साक्षरतेच्या व मालमत्तेच्या अटी आणि वर्षाला दीड डॉलरची, थकल्यास साचत जाणारी डोईपट्टी यांमुळे कृष्णवर्णीय मतदार जवळजवळ नाहीसे झाले. आणि त्यांच्याबरोबर गरीब गोऱ्यांचाही मोठा वर्ग मतदानातून बाहेर फेकला गेला. हा कायदा उकिरड्याकाठच्या कोणी लिहिला नव्हता. तो वकिलांनी, जमीनदारांनी आणि लोकप्रतिनिधींनी लिहिला होता.

२५ मार्च १९३१ रोजी पेंट रॉक येथे मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय मुलांना अटक झाली. दोन गोऱ्या स्त्रियांनी त्यांच्यावर बलात्काराचा आरोप केला होता. स्कॉट्सबरो येथे सुमारे दोन आठवड्यांत खटले उरकले आणि आठ जणांना मृत्युदंड ठोठावला गेला. १९३३ मध्ये रूबी बेट्स या फिर्यादी स्त्रीने आपला आरोप न्यायालयातच मागे घेतला. ज्यूरीने तरीही शिक्षाच दिली. तो निकाल रद्द करणारे न्यायाधीश जेम्स हॉर्टन पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पराभूत झाले. १९३५ च्या ‘नॉरिस विरुद्ध अलाबामा’ या खटल्यात ज्यूरीच्या याद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. यादीत कृष्णवर्णीयांची नावे मागाहून घुसडली असल्याचा बचाव पक्षाचा दावा होता. ती नोंदवहीच न्यायमूर्तींनी डोळ्यांखालून घातली. कृष्णवर्णीयांना पद्धतशीरपणे वगळले जात होते, असा निष्कर्ष निघाला. येथील खलपुरुष शोधायचा झाला तर तो दारुड्या बाप नसून नोंदवही राखणारा कारकून, तिच्याकडे दुर्लक्ष करणारा अधिकारी आणि तिच्यावर विसंबणारे न्यायालय यांच्यात शोधावा लागतो.

क्लॅनविषयी ॲटिकस मुलांना सांगतो की, १९२० च्या सुमारास ती होती खरी, पण मुख्यतः एक राजकीय संघटना म्हणून. त्या काळाच्या अलाबामात बिब ग्रेव्ह्ज हे १९२६ साली क्लॅनच्या पाठबळावर गव्हर्नर झाले. त्याच वर्षी सिनेटवर निवडून आलेले ह्यूगो ब्लॅक हे वकील काही काळ क्लॅनचे सदस्य होते. हेच ब्लॅक १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या एकमुखी निर्णयात सहभागी झाले. ॲटिकसचे विधान इतिहासाच्या दृष्टीने खोटे नाही. त्याच्या सुरात मात्र समाधान आहे. ‘राजकीय’ असणे म्हणजे निरुपद्रवी असणे, असे तो गृहीत धरतो. ज्यांना मते मिळवायची होती त्यांनी क्लॅनला प्रतिष्ठा दिली, ही गोष्ट त्या सुरात हरवून जाते.

५

असे असले तरी कादंबरीला हे सारे ठाऊकच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्या कडेकडेला दुसऱ्या प्रकारची खलपात्रे वावरताना दिसतात. मिशनरी मंडळातील मिसेस मेरीवेदर दूर आफ्रिकेतील लोकांच्या कल्याणासाठी गहिवरतात आणि टॉमच्या निकालानंतर आपली मोलकरीण तोंड पाडून वावरते म्हणून कुरकुरतात. मिस गेट्स या शिक्षिका वर्गात हिटलरच्या ज्यूद्वेषाचा निषेध करतात. न्यायालयातून बाहेर पडताना मात्र कृष्णवर्णीयांना धडा मिळाला हे बरे झाले, असे त्यांचे बोलणे स्काउटच्या कानी पडते. सरकारी वकील गिल्मर टॉमशी ज्या तुच्छतेने बोलतो, ती पाहून डिल या मुलाला रडू कोसळते. ही माणसे बॉबसारखी ओंगळ नाहीत. त्यांच्या हाती चाकूही नाही. टॉमला दोषी ठरवणाऱ्या ज्यूरीला त्यांच्याच विचाराचे बळ आहे.

कादंबरीचे तपशील आणि तिचे कथानक यांच्यातील हा ताण निर्णायक आहे. तपशील गावाकडे बोट दाखवतात, कथानक बॉबकडे. खटला जिंकूनही बॉबला प्रतिष्ठा मिळत नाही. गरज संपताच गाव त्याला पुन्हा उकिरड्याकडे धाडते, आणि त्याचा सूड या अपमानातून जन्मतो. अखेरीस बू रॅडलीच्या हातून तो मरतो, तेव्हा शेरीफ हेक टेट बॉब स्वतःच्याच चाकूवर पडला असे ठरवून प्रकरण मिटवतो. एकलकोंड्या बूला वाचवणारा हा निर्णय वाचकाला न्याय्य वाटतो आणि तो मानवीही आहे. परंतु टॉमसाठी जो कायदा तसूभरही वाकला नाही तो येथे सहज वाकतो. बॉबला शिकारीची मुभा देणारे औदार्य आणि बूला वाचवणारे औदार्य एकाच मुठीतले आहे. ती मूठ टॉमसाठी उघडत नाही. गुन्हेगार मेला, मुले वाचली, या समाधानात ही विसंगती बुडून जाते.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गो सेट अ वॉचमन’ या, मुळात १९५० नंतरच्या दशकात आधी लिहिल्या गेलेल्या कादंबरीने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. तीत मोठी झालेली स्काउट आपल्या वडिलांना वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या नागरिक-परिषदेच्या बैठकीत बसलेले पाहते. अशा परिषदा १९५४ पासून मिसिसिपीतून सुरू झाल्या होत्या आणि त्यांत व्यापारी, वकील, जमीनदार असे वजनदार लोक असत. अनेक वाचकांना हा ॲटिकसचा अधःपात वाटला. वस्तुतः लेखिकेने पहिल्या मसुद्यात जे दुष्टत्व घरातच पाहिले होते, ते नंतरच्या लेखनात उकिरड्यामागे नेऊन ठेवले, असेही म्हणता येईल. त्यातून कलाकृती अधिक रेखीव झाली आणि वाचकाची जबाबदारी हलकी झाली.

मराठी वाचकाला हा भेद परका नाही. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना आपली ‘गुलामगिरी’ (१८७३) अर्पण करणाऱ्या जोतीराव फुले यांनी ‘कलमकसाई’ हा शब्द वापरला, तेव्हा त्यांची नजर लेखणी, दप्तर आणि नोंदवही यांवर होती. स्कॉट्सबरोच्या ज्यूरीच्या याद्या वाचायला हाच शब्द उपयोगी पडतो. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ पुन्हा वाचताना बॉब यूएलचा तिरस्कार सोडून देण्याचे कारण नाही. तो तिरस्कार त्याने कमावलेलाच आहे. पण त्याच्या मृत्यूनंतरही ज्यूरीच्या खोलीतील बारा माणसे आपापल्या घरी सुखरूप गेलेली आहेत आणि मिस गेट्स दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवणार आहेत, हे ध्यानात ठेवल्याशिवाय या कादंबरीतील दुष्टत्वाचा हिशोब पुरा होत नाही.