गोलाकार लाकडावर सीएनसी मशीन नक्षी कशी कोरते?

देव्हाऱ्याचे खांब, पलंगाचे पाय, खुर्चीची बाकदार पाठ यांवरची वेलबुट्टी आता बऱ्याचदा सीएनसी राउटरवर कोरली जाते. सपाट फळीवर हे काम सोपे आहे, पण पृष्ठभाग वळला की खरी अडचण सुरू होते.

साध्या राउटरला तीन अक्ष असतात: डावी-उजवी, पुढे-मागे आणि वर-खाली. मशीनला लाकूड दिसत नाही, फाइलमध्ये सांगितलेल्या उंचीवर ते बिट फिरवते. त्यामुळे सपाट फळीसाठी केलेली फाइल बाकदार लाकडावर चालवली, तर मध्यभागी बिट खोल रुतते आणि कडांना हवेतच फिरते.

खोलीचा प्रश्न

अक्षरे आणि बारीक रेषांसाठी टोकदार व्ही-बिट वापरतात. ९० अंशांच्या व्ही-बिटने १ मिमी खोल गेल्यास रेष २ मिमी रुंद होते. म्हणजे उंचीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर रेषेच्या रुंदीत पूर्ण १ मिमीचा फरक पडतो आणि तो लगेच नजरेत भरतो.

यावर उपाय म्हणजे आधी पृष्ठभागाचा नकाशा घेणे. प्रोब लाकडाला ठरावीक अंतरावर स्पर्श करून प्रत्येक ठिकाणची उंची नोंदवतो. किंवा वक्राकार मशीनवरच कोरून घेतात, म्हणजे त्याचे थ्रीडी मॉडेल हाताशी असतेच. मग ॲस्पायर किंवा फ्यूजनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नक्षीचा मार्ग त्या मॉडेलवर ‘प्रोजेक्ट’ करतात. हा दुसरा मार्ग जास्त भरवशाचा, कारण लाकूड मशीनवरून हललेलेच नसते.

मात्र वरून टाकलेली नक्षी उतारावर ताणली जाते. ३० अंशांच्या उतारावर ती सुमारे १५ टक्के लांबते, ६० अंशांवर थेट दुप्पट! शिवाय तीन अक्षांच्या मशीनमध्ये बिट उभेच राहते, त्यामुळे तीव्र उतारावर व्ही-बिटची खाच एका बाजूला कलते. तिथे गोल टोकाचे बॉलनोज बिट बरे.

पूर्ण गोल असेल तर

खांबासाठी चौथा, फिरता अक्ष लागतो. लाकूड लेथप्रमाणे चक आणि टेलस्टॉक यांमध्ये धरले जाते. बिट लांबीच्या दिशेने सरकते आणि लाकूड खाली फिरते. नक्षी मात्र सपाटच काढायची. १०० मिमी व्यासाच्या खांबाचा घेर ३१४ मिमी, म्हणून चित्राची रुंदीही ३१४ मिमी. ते कागदासारखे गुंडाळायचे काम सॉफ्टवेअर करते.

निमुळत्या पायावर इथेच फसगत होते. १०० मिमी व्यासाला १ अंश म्हणजे ०.८७ मिमी, तर ४० मिमी व्यासाला जेमतेम ०.३५ मिमी. वरचे पान खाली येईपर्यंत काडीसारखे दिसते. त्यामुळे खालच्या भागातली नक्षी चित्रातच आडवी रुंद करून घ्यावी लागते.

बाकदार तुकडा पकडणे हेही मोठे काम. क्लॅम्प आवळला की तो डुगडुगतो किंवा वाकतो. अनुभवी कारागीर त्याच मशीनवर एमडीएफमध्ये उलटा साचा कोरून तुकडा त्यात बसवतात. साच्याला एक तास जातो, पण आठ तास चाललेला सागवानी जॉब शेवटच्या फेरीत सरकण्यापेक्षा ते परवडते. त्याआधी तीच फाइल स्वस्त लाकडावर चालवून पाहतात, किंवा बिट वर उचलून, हवेत.