छंदानें राखलेली विद्या

यंत्रयुग आलें आणि हातानें पातें घडविणारा लोहार मागें पडला, ही कथा बहुतेक देशांची आहे. अमेरिकेंत मात्र ही मावळती विद्या पुन्हां उजळली ती घरगुती छंदामुळें.

१९३७ च्या सुमारास फ्लॉरिडांतील फळबागांचे मालक बो रँडल हे मिशिगनमध्यें सुटीस गेले असतां, एक मनुष्य चाकूनें नावेचा रंग खरवडतांना त्यांस दिसला. इतक्या दांडगाईनेंही धारेला खोट आली नव्हती. तो चाकू विल्यम स्केगेल यांनीं हातानें घडविलेला होता. रँडल यांनीं तो विकत घेतला आणि घरीं येऊन मोटारीच्या स्प्रिंगच्या पोलादापासून स्वतः चाकू घडविला.

या कामाचें मर्म पोलादाला पाणी देण्यांत आहे. लाल तापलेलें पातें तेलांत बुडविलें कीं कठीण होतें, पण ठिसूळही होतें. मग मंद आंचेवर फिकट पिवळी छटा येईपर्यंत तापविलें म्हणजे त्यांत चिवटपणा येतो.

दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांची मागणी आली आणि रँडल यांच्या छंदाचा धंदा झाला. १९५३ च्या सुमारास बॉब लव्हलेस या खलाशास रँडल चाकूसाठीं कित्येक महिने थांबावें लागेल असें न्यूयॉर्कच्या दुकानांत कळलें. त्यानें जुन्या मोटारीच्या स्प्रिंगचा चाकू जहाजाच्या मुदपाकखान्यांतील शेगडीवर घडविला. १९७० सालीं अशा कारागिरांचा संघ स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांत लव्हलेस होते.

स्केगेल यांच्या एका चाकूपासून ही परंपरा वाढली. विद्या टिकण्यास राजाश्रयच हवा असें नाहीं; उत्तम वस्तु पाहून ‘ही मला साधेल काय?’ असें स्वतःस विचारणारा एक मनुष्यही पुरे होतो.