प्रायमरीची कुळकथा

लढाई चालू असताना अध्यक्षाला त्याच्याच पक्षातून आव्हान द्यायची एक वाट अमेरिकेत आहे: प्रायमरी. मूळ राज्यघटनेत तिचा उल्लेखही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी उमेदवार ठरवण्याचा हक्क पक्षातल्या दादा मंडळींकडून काढून मतदारांच्या हाती दिला, आणि प्रथा राज्याराज्यांत पसरली. तरी दादांची पकड लगेच सुटली नाही. १९१२ मध्ये बहुतेक प्रायमऱ्या थिओडोर रूझवेल्ट यांनी जिंकल्या; रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनाने उमेदवारी दिली अध्यक्ष टाफ्ट यांना.

न्यू हॅम्पशायरचा मान काटकसरीतून आला. मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी तिथे गावोगाव वार्षिक सभा भरतच असत. मतदानही त्याच दिवशी उरकले की वेगळा खर्च नको. १९२० पासून तिथली प्रायमरी देशात पहिली ठरली. १९५२ मध्ये मतपत्रिकेवर थेट अध्यक्षपदाच्या इच्छुकांची नावे आली आणि या चिमुकल्या राज्याचे वजन एकदम वाढले. कोरियाचे युद्ध चालू होते. डेमोक्रॅटिक सिनेटर एस्टेस केफॉवर यांनी आपल्याच पक्षाचे अध्यक्ष ट्रूमन यांना तिथे हरवले आणि ट्रूमन पुन्हा उभे राहिले नाहीत. १९६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्याविरुद्ध व्हिएतनाम युद्धाचे विरोधक यूजीन मॅकार्थी यांना तिथे ४२ टक्के मते पडली. जॉन्सन जिंकले, पण त्याच महिन्यात त्यांनी माघार घेतली.

ट्रूमन आणि जॉन्सन दोघेही तोवर लोकांच्या मनातून उतरलेले होते. प्रायमरीची खरी कसोटी मला १९७२ ची वाटते. अध्यक्ष निक्सन नुकतेच चीनहून परतले होते, त्यांचा जोर वाढत होता. त्यांच्यापुढे उभे राहिले कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन प्रतिनिधी पीट मॅक्लॉस्की, कोरियात नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळवलेले मरीन अधिकारी. ‘युद्ध थांबवा’ म्हणणाऱ्या या माणसाला भित्रा म्हणायची कुणाची छाती नव्हती. न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांना सुमारे २० टक्के मते मिळाली आणि त्यांनी लगेच माघार घेतली. ही धडपड वाया गेली असे मी म्हणणार नाही. पाचातल्या एका रिपब्लिकन मतदाराने आपल्या लोकप्रिय अध्यक्षाऐवजी युद्धविरोधी माणूस निवडला, ही नोंद प्रायमरीवाचून झालीच नसती.

ऑगस्टमध्ये मायामी बीचच्या अधिवेशनात निक्सन यांना १,३४७ मते पडली, मॅक्लॉस्की यांना १. ते मत न्यू मेक्सिकोचे होते. माघार घेऊनही तिथल्या प्रायमरीत मॅक्लॉस्की दुसरे आले होते, आणि राज्याच्या कायद्यामुळे त्यांच्या वाट्याचे मत पक्षाला त्यांच्या नावावर घालावेच लागले.