ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत : एकनाथ ते राजवाडे

धर्मग्रंथ चिरंतन आहे असे म्हणताना तो कोणी, कोणत्या काळात आणि कितीदा लिहून काढला याचा विचार सहसा होत नाही. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत तो टाळता येत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, यादव राजा रामचंद्र याच्या कारकिर्दीत नेवासे येथे हा ग्रंथ सिद्ध झाला. लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचा निर्देश ग्रंथाच्या अखेरीस येतो. त्यांच्या हातची प्रत मात्र उपलब्ध नाही. गीतेच्या ७०० श्लोकांवरील सुमारे ९,००० ओव्यांचे हे भाष्य टिकले ते नकला करणाऱ्यांच्या परंपरेमुळे, आणि त्याची संहिता बिघडली तीही याच परंपरेमुळे. ती शुद्ध करण्याचे जे दोन मोठे प्रयत्न झाले त्यांमागील भूमिकांचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

संहिता बिघडण्याचे मूळ मराठी ग्रंथरचनेच्या स्वरूपातच आहे. वेदांच्या रक्षणासाठी पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा पद्धती निर्माण झाल्या. एक स्वर जरी ढळला तरी तो ध्यानात यावा अशी ती योजना होती. गीतेला वृत्ताचे बंधन होते आणि शंकराचार्यांच्या भाष्याचा आधार होता. ओवीला असे संरक्षण नव्हते. तिच्यात अक्षरसंख्या निश्चित नसते. पहिल्या तीन चरणांचे यमक साधले की ती कानाला पुरी वाटते. त्यामुळे जुना शब्द काढून त्या जागी रूढ शब्द घातला तरी रचनेत काहीच अडखळत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. तेथे जुनी रूपे पुष्कळ राहिली, पण वाचक पंथापुरता उरला. ज्ञानेश्वरी सर्वांसाठी खुली होती आणि त्या खुलेपणाची किंमत तिने पाठभेदांच्या रूपाने मोजली.

यादवसत्ता इ. स. १३१८ च्या सुमारास लयाला गेली. पुढील अडीच शतकांत राज्यकारभाराची भाषा फारसी झाली आणि मराठी बोलण्यातही मोठे बदल झाले. एखाद्या भाविकाने ओवी लिहून घेताना न समजलेले रूप आपल्या काळाच्या मराठीत बसविले, तर त्याला लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला ग्रंथ समजून घ्यायचा होता.

या परिस्थितीत पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आळंदीस समाधिस्थानी ज्ञानदेवांच्या कंठाला अजानवृक्षाची मुळी लागली असून ती काढावी, अशी आज्ञा त्यांना स्वप्नात झाली, असे परंपरा सांगते. या कथेत ग्रंथशोधनाचेच रूपक पाहता येईल. त्याहून मोलाचे आहे ते त्यांचे समाप्तीचे निवेदन. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरांनी त्यात दोष आले, ते आपण शोधून काढले, एवढीच त्यांची भूमिका आहे. पुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये, असेही त्यांनी कठोर शब्दांत बजावले आहे. भागवताच्या एकादश स्कंधावर स्वतंत्र टीका लिहिणाऱ्या कवीने येथे कवित्वाचा मोह आवरला, ही गोष्ट लहान नाही. मात्र किती प्रती जमविल्या आणि कोणता पाठ का टाकला, हे त्यांनी नोंदविले नाही.

ही उणीव तीन शतकांनंतर चर्चेचा विषय झाली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये शिळाछापावर ज्ञानेश्वरी काढली आणि ग्रंथ छापखान्यात आला. पुढे वि. का. राजवाडे यांना बीडनजीकच्या पाटांगण येथे एक पोथी मिळाली. ती त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली व तिच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. ही प्रत एकनाथपूर्व आहे, तिच्यातील प्रत्ययरूपे यादवकालीन मराठीला जवळची आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकनाथांच्या प्रतीत भाषा नवी झाली, हा त्यांचा आक्षेप वारकरी मंडळींना झोंबला. पोथीच्या प्राचीनत्वाविषयी अभ्यासकांतही एकमत झाले नाही.

राजवाड्यांचा आक्षेप भाषेपुरता सबळ मानला, तरी एकनाथांवर त्याचा सारा भार टाकता येत नाही. नाथांचे स्वहस्ताक्षर आज समोर नाही. त्यांच्या नावाने चालणाऱ्या प्रतीही पुढील नकलाकारांच्या हातून आलेल्या आहेत. शिवाय दोघांचे प्रश्न निराळे होते. ज्ञानदेवांनी कोणते रूप उच्चारले, हा राजवाड्यांचा प्रश्न होता. श्रोत्यांसमोर कोणती ओवी निःशंकपणे म्हणावी, हा एकनाथांचा. मुळाहून वेगळे काही असू नये, हा आग्रह मात्र दोघांचाही होता, आणि उपलब्ध पोथी जशीच्या तशी प्रमाण मानण्यास ते दोघेही तयार नव्हते.

१९६० मध्ये शासनाने प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीसाठी राजवाडे प्रत आधारभूत मानली गेली. भाषेचे अभ्यासक तिचा आधार घेतात. पारायणाच्या मंडपात मात्र एकनाथी परंपरेचाच पाठ चालतो, आणि एकनाथांनी शोधन पूर्ण केले ती भाद्रपद वद्य षष्ठी ज्ञानेश्वरी जयंती म्हणून पाळली जाते.