मतपेटीवरची नजर आणि मतदाराचे भय

निवडणूक शुद्ध झाली की नाही, हे कोणी ठरवायचे? मतपेटीचे सील शाबूत आहे, केंद्राबाहेर पोलीस उभा आहे, रांग शांत आहे, एवढे पाहून निरीक्षक समाधानाने परत जातो. रांगेतल्या माणसाच्या मनातील भय नोंदवायला त्याच्या तक्त्यात रकाना नसतो. आफ्रिकेतील बहुपक्षीय निवडणुकांचा इतिहास वर्गात शिकवताना हा प्रश्न मला प्रत्येक वेळी आपल्या वस्तीवर आणून सोडतो.

आफ्रिकेशी आपला या बाबतीतला संबंध जुना आहे. बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथल्या गावकुसाबाहेरच्या माणसाने प्रौढ मताधिकाराने पहिले मत दिले ते 1952 च्या निवडणुकीत. ती देशव्यापी निवडणूक पार पाडणारे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन 1953 साली सुदानला गेले. ब्रिटन आणि इजिप्त यांच्या सत्तेतून बाहेर पडू पाहणाऱ्या त्या देशाच्या पहिल्या संसदीय निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे ते अध्यक्ष होते. निरक्षर माणूसही विचारपूर्वक मत देऊ शकतो, हा भारताचा अनुभव त्यांच्यासोबत गेला.

परंतु त्याच 1952 च्या निवडणुकीला दुसरी बाजूही होती. उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला. मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका असत, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, आणि दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यांतले एक मत बाद होई. बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. बाद मते सत्तर हजारांवर होती. मते जाणूनबुजून वाया घालवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब व अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले. अर्ज फेटाळला गेला. ज्यांनी राज्यघटनेत एका माणसाला एक मत दिले, त्यांनाच मताची मोजदाद पुन्हा मागावी लागली, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी विसरू नये.

आता आफ्रिकेकडे पाहू. केनियात 1988 साली एकपक्षीय राजवटीने उमेदवार निवडण्यासाठी गुप्त मतदान बाजूला सारले आणि मतदारांना आपापल्या उमेदवाराच्या मागे उघड्यावर रांगेत उभे केले. कोण कोणामागे उभा राहिला, हे सगळ्या गावाने पाहिले. डिसेंबर 1991 मध्ये इतर पक्षांवरची बंदी उठली आणि 1992 साली बहुपक्षीय निवडणूक झाली. घानातही 1992 सालीच निवडणूक झाली. पण अध्यक्षपदाच्या निकालात लबाडी झाली असे म्हणत विरोधी पक्षांनी संसदेच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. पुढे तेथील आयोगाने सर्व पक्षांची सल्लागार समिती बसवली, 1995 साली नवी मतदारयादी केली, 1996 साली पारदर्शक पेट्या आणल्या. मोजणी त्याच केंद्रावर, पक्षांच्या प्रतिनिधींसमक्ष, आणि निकालाच्या कागदावर त्यांच्या सह्या, ही रीत तेथे रुजली. परदेशी पाहुण्यांच्या शिफारसपत्रापेक्षा हा कागद मोलाचा आहे. केनियात 2017 साली बहुतेक परदेशी निरीक्षकांनी मतदान चांगले झाल्याचे सांगितले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने मात्र निकालाच्या कागदांतले दोष पाहून 1 सप्टेंबरला अध्यक्षपदाची ती निवडणूकच रद्द केली.

मग केंद्रनिहाय मोजणीचा हा धडा आपण जसाच्या तसा घ्यावा काय? येथे मला थांबावे लागते.

माझे आईवडील ऊसतोडीला जात. आमच्या वस्तीचे मतदान शाळेच्या एकाच खोलीत होई. मी अकरावीत असताना निकालानंतर मुकादम दारात आला. "तुमच्या बुथावर सत्तावीसच निघाली. बाकीची कुठं गेली रं?" वडील काही बोलले नाहीत. पुढच्या हंगामाची उचल आमच्या आळीला मिळाली नाही. मत गुप्त होते, पण वस्ती उघडी पडली होती. केनियातली ती रांग आमच्याकडे आकड्यांत उभी होती.

मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्र आले आणि प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसू लागला. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारे साधन वापरावे असे निवडणूक आयोगाने 2008 साली सुचवले. 2015 साली विधी आयोगाने त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने ते स्वीकारले नाही. केंद्रनिहाय आकडा पक्षांना प्रचारासाठी उपयोगी पडतो, असे समर्थन केले जाते. उपयोग कोणाला आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हे मात्र कोणी विचारत नाही.

घानाचा मार्ग चूक आहे असे मला म्हणायचे नाही. लबाडी पकडायची तर केंद्रावरचा हिशेब लागतोच. तो घ्यावा, प्रत्येक यंत्रात एकूण किती मते पडली याचा सह्यांचा कागद प्रतिनिधीच्या हाती द्यावा, आणि कोणाला किती पडली ही बेरीज मात्र अनेक केंद्रांची मिळून जाहीर करावी. यात पडताळणी थोडी कमी होते, हे मान्य करूनच ही मागणी केली पाहिजे. जेथे मतदार आणि मुकादम यांच्यात उचलीचे नाते आहे, तेथे गुप्तता हीच शुद्धतेची पहिली अट आहे.

निरीक्षक मतदानाच्या दिवशी येतो. उचल त्याच्या कितीतरी आधी आलेली असते. म्हणून निरीक्षण ही बाहेरून मागवायची वस्तू नव्हे. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी प्रतिनिधी म्हणून केंद्रात बसावे, कागदाची प्रत मागून घ्यावी, ती जपून ठेवावी. आणि उचलीच्या फासातून वस्ती मोकळी करण्याचे काम निवडणूक नसलेल्या वर्षी हाती घ्यावे. मतपेटीवर नजर ठेवणारे पुष्कळ आहेत. मतदाराच्या पाठीशी उभे राहणारे आपल्यालाच व्हावे लागेल.